खांद्याच्या उंचीपर्यंत

१६ जून

आदरणीय व्याख्याते श्री. यासुनोरी कुराता यांस,

रिवाजाप्रमाणे पत्राच्या सुरुवातीला लागणाऱ्या ऋतूबद्दलच्या दोन ओळी मी लिहिल्या असं समजावं. पाऊस आहे, सगळं ओलं आहे, पुढे जाऊ.

आपण पाठवलेलं खोकं पोचलं. त्यात आपलं नवीन पुस्तक 'साडेसहाचा माणूस', एक फोन आणि मनगटावर बांधायची काळी पट्टी निघाली. सोबत चिठ्ठी: बाबांनी पट्टी रोज बांधावी, दिवसाला आठ हजार पावलं चालावीत, आकडा आपोआप टोकियोत आपल्या फोनवर दिसेल. सहा वर्षांत आपण या घरात एक पाऊल टाकलं नाहीत, पण घरातली पावलं मोजायची सोय मात्र झकास केलीत.

पुस्तक वाचलं. बाबांवरचं प्रकरण दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की हे दुसऱ्याच कुणाचे तरी बाबा असावेत. देवळाच्या आवारात रोज सकाळी साडेसहाला रेडिओच्या कवायतीला ते सगळ्यांच्या पुढे उभे राहतात, एकतीस वर्षांत एक खाडा नाही, हे खरं. पण पहिल्या रांगेत हात उंचावून उभा असलेला तो सात वर्षांचा मुलगा, ज्याला म्हणे तिथेच आयुष्याची शिस्त गवसली, तो काही मला आठवत नाही. त्या वयाचा एक मुलगा मला आठवतो तो पांघरुणात डोकं खुपसून पडलेला. सुट्टीभर त्याचं हजेरीचं कार्ड घेऊन मी जायची आणि बाबांची पाठ वळली की त्याचा शिक्का मारून आणायची. माझं नाव पुस्तकात नाही, ते बरंच झालं.

आपण पहाटे चार चाळीसला उठता, हे मुखपृष्ठावरच छापलंय. मी चार वीसला उठते. शाळेतल्या चारशे तीस मुलांचं जेवण अकराच्या आत तयार लागतं. त्यावर अजून कुणी पुस्तक मागितलेलं नाही.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात क्रीडादिनाच्या सुट्टीला जिल्ह्याच्या सभागृहात आपलं व्याख्यान आहे, सहाशे लोक येणार आहेत आणि बाबांनी मंचावर येऊन दोन्ही हात वर करून कवायतीची सुरुवात करून द्यावी, अशी आपली इच्छा आहे. ते येणार नाहीत. कारण विचारू नये. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस नाही म्हणतो, एवढं कारण पुरे असावं.

आपली (कागदोपत्री) बहीण,
चिझुरू


८ जुलै

दादा,

'आपण' संपलं. फोनवर तू मला 'बाबांच्या भोवतीचं नकारात्मक वातावरण' म्हणालास, तेव्हाच संपलं. वातावरण आजही चार वीसला उठलं, भात लावला, कपडे वाळत घातले आणि कामावर गेलं.

तू रोज संध्याकाळी सातला बाबांना फोन करतोस. सहा वर्षं फोन नव्हता, आता रोज आहे, कारण आता आकडा आहे. काल नऊ हजार चारशे पावलं झाली म्हणून तू त्यांना शाबासकी दिलीस. त्यांनी 'हं' म्हटलं आणि फोन माझ्याकडे देऊन टाकला. मग तो आलेख तू तुझ्या पानावर टाकलास: 'माझे वडील, वय त्र्याऐंशी. तुमची सबब काय?' अकरा हजार लोकांनी त्याला बदाम दिले. गल्लीतल्या इनाबाकाकूंच्या नातीने मला दाखवलं. इनाबाकाकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी एकदा आलेखाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मुळा यंदा फार महाग झालाय.

त्या आकड्याबद्दल मी आत्ता काही बोलणार नाही.

मंचाचं उत्तर तेच आहे. तू म्हणालास, बाबांना स्वतः 'नाही' म्हणू दे. ते तुला कधीच नाही म्हणणार नाहीत, हे तुला माहीत आहे, म्हणून तर तू त्यांनाच विचारतोस. आई गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशीच्या विधीला तू आला नाहीस आणि तिच्या नावाने मॅरेथॉन पळालो असं कळवलंस, तेव्हाही ते फक्त 'किती वेळ लागला' एवढंच म्हणाले. मी भटजींना चहा देत होते. मला वाटलं ते विधीबद्दल विचारतायत.

चिझुरू


२४ ऑगस्ट

दादा,

हे पत्र बसून वाच. उभं राहून काम करणाऱ्या टेबलाचं तुझं कौतुक मला ठाऊक आहे, तरी बस.

फेब्रुवारीत बाबांना झटका आला. डावी बाजू गेली. पाय पुन्हा चालायला लागला, हात मात्र तसाच राहिला. तीन आठवडे रुग्णालयात होते. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, तेही नीट बोलता येत नव्हतं तेव्हा. तुझं ते प्रकरण छापखान्यात गेलंय हे त्यांना माहीत होतं. पुस्तकातला माणूस पलंगावर पडलेला कसा चालेल?

घरी आल्यावर आठवड्यातून दोनदा दवाखान्यात कसरत सुरू झाली. हामासाकी नावाची मुलगी आहे, वय सव्वीस, बाबा तिला 'गुरुजी' म्हणतात. टेबलावर टॉवेल पसरायचा, त्यावर डावा तळवा ठेवायचा आणि टॉवेल पुढे ढकलायचा. तीस वेळा. एकतिसावी नाही. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना 'एक, दोन' मोजत आला आणि तिच्यापुढे शाळकरी पोरासारखा 'आता थांबू?' विचारायचा. जूनपर्यंत हात छातीपर्यंत आला. इतकी कडक शिस्त मी आपल्या घरात आजवर पाहिली नव्हती. तुझ्या पुस्तकात यायला हवी होती, पण टॉवेलचा फोटो चांगला येत नाही.

दवाखान्यातली कसरत सहा महिनेच मिळते. ऑगस्टच्या मध्यावर ती संपली. त्यापुढे हवी असेल तर, माणसाला मदतीची गरज आहे, असा नगरपालिकेचा दाखला लागतो आणि तो द्यायचा की नाही ते ठरवण्याआधी तपासनीस घरी येऊन बघून जातो. सहा ऑगस्टला श्री. ओंदा आले. टापटीप, तरुण, बूट काढून ते उंबऱ्याकडे वळवून ठेवणारे.

तर ऐक काय झालं. बाबांनी सकाळीच दाढी केली होती. इस्त्रीचा सदरा मागितला. अंघोळ स्वतः करता का? हो. कपडे स्वतः घालता का? हो. स्वयंपाक? माशाचं सार बरं जमतं, म्हणाले. दादा, या माणसाने जन्मात चहाचं पाणी ठेवलेलं नाही. हाताचं विचारलं तर म्हणाले, आज जरा मान अवघडलीय. आणि मग भिंतीवरून हजेरीची कार्डं काढून दाखवली. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत रोजचा शिक्का.

ते फेब्रुवारीपासून देवळात गेलेलेच नाहीत. एक हात लोंबता ठेवून लोकांपुढे उभं राहणार नाही, म्हणाले. तेव्हापासून इनाबाकाकू कवायत संपली की एप्रनच्या खिशात शिक्का घालून आमच्या दारात येतात. 'आज हवा छान होती, नाही?' म्हणतात, शिक्का मारतात आणि जातात. ते रुग्णालयात होते त्या तीन आठवड्यांचेही शिक्के आहेत. सगळ्या गल्लीला माहीत आहे. कुणी एका शब्दाने बोललं नाही. एवढी माया मी कुठे पाहिली नाही आणि एवढं नुकसानही.

त्यावर कळस म्हणजे ओंदा तुझे वाचक निघाले. त्यांनी खिशातून फोन काढला, तुझ्या पानावरचा आलेख मलाच दाखवला आणि उठून बाबांना कमरेत वाकून नमस्कार केला. असे आजोबा गावागावात हवेत, म्हणाले.

उत्तर परवा आलं. मदतीची गरज नाही.

ती पावलं माझी आहेत. सतरा जूनपासून ती पट्टी माझ्या हातात आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात भाताच्या कढईपासून सारापर्यंत, सारापासून भांडी धुण्याच्या मोरीपर्यंत. तुझे अकरा हजार लोक माझ्या गाजरं चिरण्याला बदाम देतायत. मला वाटलं, आकडा मिळाला की तू गप्प बसशील आणि बाबा शांतपणे टॉवेल ढकलतील. मूर्खपणा केला. ओंदा बसले होते तेव्हा पट्टी माझ्या बाहीखाली होती आणि मी तोंड उघडलं नाही, कारण बाबा माझ्याकडे बघत होते. तू जे रागाने लिहिशील ते मी स्वतःला आधीच म्हणून झालंय, तेव्हा शाई वाचव.

मी पुन्हा अर्ज केलाय. ओंदा तीस सप्टेंबरला परत येणार आहेत. तू दोन गोष्टी कर. तो आलेख काढून टाक. आणि तो बाबांचा नव्हता, असं सहीनिशी लिहून पाठव. हामासाकी म्हणते, हात परत मिळायचे दिवस आत्ताच आहेत. नंतर मिळणाऱ्या कसरतीने फक्त हात आखडायचा थांबतो.

चिझुरू


१२ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर वाचलं. आलेख काढायचा तर प्रकाशकांशी बोलावं लागेल. झटका हे 'शरीराने दिलेलं आमंत्रण' आहे. एकवीस दिवसांत कुठलीही सवय बदलते. सोबत नव्वदीच्या एका गृहस्थांची चित्रफीत, डोंगर चढताना. डोंगरावर ते गृहस्थ सदरा कसा घालतात ते दाखवलेलं नाही.

तू बाबांना फोनवर सांगितलंस की तीस वेळा हे आजारी राहायचं ठरवलेल्या लोकांसाठी असतं. ते तुझ्या तोंडून ऐकल्यापासून ते दोनशे वेळा ढकलतात. मी कामावर असताना. चार दिवसांपूर्वी मी घरी आले तर त्यांचा खांदा सुजलेला आणि टॉवेल घामाने ओला. जूनमध्ये छातीपर्यंत येणारा हात आता पोटाशी अडतो. हामासाकी सुट्टीच्या दिवशी स्वतःहून येऊन गेली. दारात मला म्हणाली, 'थांबायचं कधी ते त्यांना कळतच नाही हो. ते शिकवायलाच सहा महिने गेले होते माझे.'

मी सध्या त्यांच्याकडून न जमण्याचा सराव करून घेतेय. जेवणानंतर मी ओंदा होते. समोर बसते, फाइल मांडीवर घेते.

"कपडे स्वतः घालता का?"

"हो."

"बाबा."

"उजवी बाही घालतो."

"आणि डावी?"

यावर ते खिडकीतून बाहेर बघतात. चौथ्या दिवशी भिंतीला सांगितलं, "डावी चिझु घालते." मी उठून भांडी घासायला गेले. मला त्यांच्यासमोर बसवेना.

काल तू फोन केलास आणि म्हणालास, कागदावर लिहून देण्यापेक्षा तीस तारखेला स्वतः येतो आणि ओंदांना तोंडावर सांगतो. आभारी आहे. हा शब्द मी तुझ्यासाठी सहा वर्षांनी काढलाय, जपून वापर.

आठ वाजताच्या बसने ये. दुसऱ्या बसला गर्दी असते. बाबांना आधी सांगत नाही, नाहीतर ते पहाटेपासून दाढी करत बसतील.

चिझुरू


५ नोव्हेंबर

दादा,

तू तुझ्या पानावर त्या दिवसाचं वर्णन लिहिलंयस. मी माझं लिहिते. दोन्हींत तारीख तेवढी सारखी आहे.

तू आठच्या बसने आलास. पांढरे बूट, पांढरे दात. बाबांनी तुला पाहिलं आणि उठून उभे राहिले. मला वाटलं तुला मिठी मारतील. त्यांनी पँटची कड सारखी केली.

ओंदा आले. तू खाली बसलास आणि खरंच सांगितलंस: आकडे बहिणीचे आहेत, चूक आमची आहे. आवाज थोडा सभागृहाचा होता, पण सांगितलंस. हे तुझ्या खात्यावर आहे आणि ते मी कधी पुसणार नाही. ओंदांचा चेहरा पडला. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि पहिल्यांदा बाबांकडे नीट पाहिलं. कपड्यांचं विचारलं. बाबा म्हणाले, "डावी बाही मुलगी घालते." भिंतीला नाही, ओंदांना म्हणाले. दादा, एकतीस वर्षं रोज उठणं एका बाजूला आणि ते एक वाक्य एका बाजूला. तू तेव्हा चित्रण करायला फोन सरळ धरत होतास.

मग ओंदा म्हणाले, दोन्ही हात पुढे, खांद्याच्या उंचीपर्यंत, आणि तिथेच धरा. उजवा गेला. डावा पोटाशी आला आणि थरथरत थांबला. ओंदांनी मान हलवली आणि पेन कागदाला टेकवलं. झालं होतं सगळं. अजून दहा सेकंद तू गप्प राहिला असतास तर आज मी हे पत्र लिहीत नसते.

"बाबा, अजून थोडं," तू म्हणालास. आणि मग मोजायला लागलास. एक, दोन, तीन, चार. देवळाच्या आवारात ते मोजायचे तसंच, त्यांच्याच चालीवर. पहिल्या रांगेत नव्हतास, तरी पांघरुणात ऐकू येत असणार.

त्यांनी ओंदांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. तुझ्याकडे पाहिलं. हात छातीशी आला. मग खांद्याशी. मग कानापर्यंत गेला. मी सात महिन्यांत तो तिथे पाहिला नव्हता. तू आठपर्यंत मोजलंस आणि ते आठपर्यंत धरून उभे होते, ओठ पांढरे करून. तू रडत होतास. ओंदांनी लिहिलेलं खोडलं आणि दुसरं लिहिलं. लिहिणारच. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, आणि मी काही म्हणेपर्यंत बाबाच म्हणाले, "आज मान मोकळी आहे."

अकरा वीसच्या गाडीने तू गेलास. संध्याकाळी व्याख्यान होतं म्हणे. क्रीडादिनाला सभागृहात सहाशे लोकांना तो हात पडद्यावर दाखवलास आणि सगळे उठून उभे राहिले, हे इनाबाकाकूंच्या नातीने वाचून दाखवलं. या वेळी काकू मुळ्याबद्दलही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या शिक्का न घेता आल्या आणि बाबांना म्हणाल्या, आजपासून मी मारणार नाही, रागवा हवं तर. बाबा रागावले नाहीत. गेल्या महिन्याचं कार्ड अर्धं कोरं आहे. ते अजून भिंतीवरच आहे.

तीस तारखेनंतर डावा हात उठलेला नाही. पोटापर्यंतही नाही. खांद्यात आत काहीतरी फाटलंय, डॉक्टर म्हणाले, जोर लावल्याने. त्या कुशीवर झोपता येत नाही. आणि काल पालिकेचा कागद आला: मदतीची गरज नाही. सोबत तपासनिसाचा शेरा, की जबरदस्त इच्छाशक्ती. तू तो पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत छापशील म्हणून इथे उतरवून देतेय, पुन्हा मागायला नको.

काल कचेरी सुटल्यावर ओंदा स्वतःहून आले. आत यायला तयार नव्हते, दारातच उभे राहिले. त्यांनी बाबांना जेवताना पाहिलं, दुरूनच. डॉक्टरांची नवी चिठ्ठी जोडून तिसरा अर्ज करा, म्हणाले. सव्वीस नोव्हेंबरला ते येतील.

तुला हे पत्र लिहायचं मी ठरवलं नव्हतं. ते गेल्यावर बाबांनी मला कागद घेऊन बसवलं. मला वाटलं, तुला काही चांगलं सांगायचं असेल. तसं होतंही. म्हणाले, लिही, तू आलास ते बरं वाटलं. लिहिलं. म्हणाले, लिही, तब्येतीला जप, थंड पाण्याच्या अंघोळीचा अतिरेक करू नकोस. लिहिलं.

"लिही, सव्वीसला येऊ नकोस."

मी विचारलं, का ते लिहू का? नाहीतर तो म्हणेल बहिणीने घातलंय हे.

त्यांनी उजव्या हाताने डावा उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. एखाद्याचं झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"लिही," ते म्हणाले. "तो मोजायला लागला की मी वर करणार. मला ते थांबवता येत नाही."

चिझुरू